राक्षसाला भाषा कशी द्यायची: नवख्यांसाठी पायऱ्या

आमच्या देगलूरकडं एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी बालनाट्य लिहिलं होतं. त्यात राक्षसांचा एक राजा होता आणि त्याचं नाव मी मोठ्या हौसेनं 'घ्रट्ढ' ठेवलं होतं. सातवीतलं पोरगं आठ दिवस ते नाव घोकत होतं. प्रयोगाच्या दिवशी ते मंचावर आलं, छाती फुगवली आणि गरजलं, "मी आहे घरटं!" पुढची दोन-तीन मिनिटं कुणालाच काही ऐकू आलं नाही, इतकं सभागृह हसत होतं.

चूक त्याची नव्हती. राक्षस म्हटलं की घ, ढ, ट्ढ असली अक्षरं एकात एक कोंबायची, असं मी गृहीत धरलं होतं. वहीत ३८ अक्षरं होती, पाच पानं शब्द होते आणि व्याकरण मात्र निव्वळ मराठी. ती वही बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून जे केलं, ते इथं पायरीपायरीनं सांगते. गोष्ट, नाटक, चित्रकथा किंवा पोरांचा खेळ, कशासाठीही ही पद्धत चालेल. भाषाशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. मराठी येते ना, मग निम्मं सामान घरातच आहे.

आधी ठरवा: भाषा हवी की नुसती खूण?

लहानपणी आपण 'च'ची भाषा बोलायचो. तिच्यात मोठ्यांना चकवता येतं, पण ती मराठीच असते, फक्त 'च' लावलेली. गोंधळी मंडळींची करपल्लवी बघा. बोटांच्या खुणांनी एक जण नाव सांगतो आणि दुसरा ते ओळखतो. कमाल कला आहे ती, पण बोटांआडची भाषा आपलीच. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदर अशा सांकेतिक लिप्यांमध्ये शेकडो वर्षं जपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या लिपीची किल्ली लावली, तेव्हा आत निघाली ती जुनी, देखणी मराठी.

या सगळ्या खुणा झाल्या. मराठी वाक्य घेऊन त्यातला एकेक शब्द बदलत गेलात तर तुमचीही खूणच होईल. ओळखायचं कसं? तुमच्या राक्षसाचं एक वाक्य मराठीत आणून बघा. आणताना वाटेत काही सांडलं, किंवा मराठीला दोन शब्द जास्त वापरावे लागले, तर भाषा होतेय असं समजा. काहीच सांडलं नाही तर अजून 'च'ची भाषाच चालू आहे.

लिपीच्या मागं मात्र सुरुवातीला लागू नका. नवखा माणूस पहिल्याच दिवशी वळणदार अक्षरं काढत बसतो आणि भाषा तिथंच संपते. देवनागरी पुरते.

पैठणची गोष्ट ऐकून घ्या

या कामात आपण मराठवाड्याची माणसं जुनी मुरलेली आहोत. कथा अशी आहे: प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सातवाहन राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. पाण्याचे फटकारे बसून दमलेली राणी संस्कृतात म्हणाली, "मोदकैः…" तिला म्हणायचं होतं 'मा उदकैः', म्हणजे पाण्यानं मारू नका. दोन शब्द जुळून झालेला संधी राजाला कळला नाही. त्यानं मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला आणि संस्कृत शिकायचंच म्हणून हटून बसला. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, शर्ववर्मा म्हणाला सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्यानं पैज लावली की तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा तिन्ही सोडेन. तो हरला. मग रानात जाऊन पिशाचांची पैशाची भाषा शिकला आणि तिच्यात त्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजानं ती नाकारली तेव्हा सहा लाख श्लोक त्यानं पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळले, असं कथा सांगते.

मूळ बृहत्कथा आज कुठंच नाही. पण पैशाचीचे काही नियम बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात आहेत आणि ते आपल्या कामाचे आहेत. पैशाचीत द चा त होतो, ण चा न होतो आणि ल चा ळ होतो. जळं, कुळं, कमळं ही त्यातली उदाहरणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. पिशाचांची म्हणून सांगितलेली ही ळ ची खूण आपण रोज नळावर आणि देवळात उच्चारतो.

यातून मी एक गोष्ट उचलली. परक्या भाषेचा भास द्यायला अडतीस अक्षरं लागत नाहीत. दोन-तीन नियम पुरतात, फक्त ते कुठंही मोडायचे नाहीत. 'बोल' या शब्दाला पैशाचीचा नियम लावला की 'बोळ' होतो, म्हणून माझ्या राक्षसांच्या भाषेचं नाव बोळ. माझ्या आईला त्यावरून बाळंतबोळच आठवतो, त्याला इलाज नाही.

उंची ठरवा, आवाज त्यातून काढा

ही पायरी गाळू नका. सगळ्यात जास्त मजा हिच्यातच आहे.

पुरुषाच्या गळ्यापासून ओठांपर्यंतची नळी साधारण १७ सेंटिमीटर असते आणि बोलण्याचा मूळ सूर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपास. बाईचा सूर साधारण दोनशे. आता राक्षस माणसाच्या तिप्पट उंच धरा, सोळा-सतरा फूट. नळी झाली ५१ सेंटिमीटर आणि सूर उतरला चाळिसावर. बेस गिटारची सगळ्यात जाड तार एवढ्यावरच वाजते. माणसाचा कान साधारण वीस कंपनांच्या खालचं ऐकत नाही. म्हणजे राक्षस सहापटीपेक्षा उंच केलात तर त्याचा मूळ सूर माणसाच्या कानातून निसटायला लागतो, वरची घरघर तेवढी उरते. राक्षसीण मात्र दहापट उंच चालेल. दोनशेला दहानं भागा, हिशेब बसतो.

हे हवेतलं गणित नाही. हत्ती असंच बोलतात. १९८४ साली केटी पेन या संशोधिकेला अमेरिकेतल्या एका प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभं असताना हवेत थरथर जाणवली. त्यातून पुढं उलगडलं की हत्ती आपल्या कानाच्या खालच्या पट्टीत एकमेकांना हाका मारतात आणि त्या काही किलोमीटरवर पोचतात. तुमच्या गोष्टीत राक्षस बोलण्याआधी गोठ्यातल्या म्हशी कान टवकारतील, पितळी ताटं मांडणीवर खडखडतील. असले तपशील इथूनच मिळतात.

दुसरं, वजन. उंची तिप्पट झाली की वजन तिप्पट होत नाही, सत्तावीसपट होतं, आणि स्नायूंची ताकद त्यांच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणं नऊपटच वाढते. गॅलिलिओनं १६३८ साली हेच सांगून राक्षसांची हाडं नुसती लांब करून भागणार नाही, जाड करावी लागतील, असं दाखवलं होतं. आपल्याला हाडांशी कर्तव्य नाही, जिभेशी आहे. एवढी जड जीभ हळू फिरणार. माणूस सेकंदाला पाच-सहा अक्षरं बोलतो, राक्षस फार तर दोन बोलेल. पण फुप्फुसंही सत्तावीसपट आहेत आणि हवा बाहेर जायच्या वाटेचं तोंड क्षेत्रफळानं नऊपट, म्हणून त्याचा एक श्वास तिप्पट वेळ पुरतो. सावकाश बोलतो, पण एका दमात बोलतो आपल्याएवढंच. मला हा हिशेब जमला तेव्हा फार आनंद झाला होता, कारण वाक्यं तोडून तोडून लिहायची गरज संपली.

आता करून बघा. घरात रिकामी कोठी किंवा रांजण असेल तर तोंड आत घालून आधी 'ती ती ची' म्हणा, मग 'बो दो मू' म्हणा. कुठलं घुमतं ते कानाला लगेच कळतं. वेरुळला गेलात तर दहाव्या लेण्यात, सुतार लेण्यात, कमानीच्या छताखाली हलकेच 'ओ' म्हणून बघा. रखवालदाराकडं बघून मगच. तिसरा प्रयोग: मोबाइलवर आपलं वाक्य रेकॉर्ड करा आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी एकदमच एक-तृतीयांशावर आणा. तिप्पट उंचीचा राक्षस तुमच्याच तोंडून बोलायला लागेल. ऐकताना लक्षात येईल की 'ई' आता 'ई' वाटतच नाही, 'ऊ'कडं झुकते. सगळे स्वर काळवंडतात. ही गोष्ट टिपून ठेवा, पुढच्या पायरीला लागते.

ध्वनी निवडा, आणि निवडण्यापेक्षा जास्त वगळा

ई आणि ए माणसाला नीट ऐकूच येणार नसतील तर ठेवायचे कशाला? मी तीनच स्वर ठेवले: आ, ओ, उ. तीन स्वरांवर चालणाऱ्या खऱ्या भाषा जगात आहेत. अभिजात अरबीचे मूळ स्वर तीनच, त्यांचेच ऱ्हस्व-दीर्घ होतात.

'अ' मी वगळला त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. मराठीत 'कमळ' लिहितो आणि शेवटचा अ गिळतो. नवीन भाषेत वाचणाऱ्याला कळणार कसं की अ म्हणायचा की गिळायचा? भाषेत अ नसलाच तर प्रश्न मिटला. मात्रा असेल तिथं स्वर, नसेल तिथं नुसतं व्यंजन. 'गाड' म्हणजे 'गाड्'. पाय मोडायची गरज नाही.

व्यंजनं दहा: ब, द, ड, ग, म, ण, र, ळ, व, ह. स आणि श ची शीळ या घशाला शोभत नाही. च, ज सुद्धा काढले. तसंही चमच्यातला च आणि चंद्रातला च वेगळा हे परगावच्या माणसाला समजावताना आपण थकतो, राक्षसांच्या मागं ते लचांड नको. जोडाक्षरं नाहीत. शब्दाची सुरुवात व्यंजनानंच, पण ण आणि ळ नं नाही. हा शेवटचा नियम शोधायला कुठं जावं लागलं नाही, मराठीतही या दोघांना दारात उभं करत नाहीत.

शब्द घडवताना: कोण किती टिकतं?

मराठीत तीन लिंगं आहेत. ती तशीच उचलली तर राक्षस आपल्यासारखाच विचार करतो असं होईल. त्यापेक्षा विचारा, याला जगात कशाचा फरक पडतो? माझा राक्षस हजार वर्षं जगतो. त्याला बाई-पुरुष हा भेद फारसा मोलाचा नाही. त्याच्या लेखी जगात तीन प्रकारच्या गोष्टी आहेत: त्याच्या मागं उरणाऱ्या, त्याच्याबरोबर जगणाऱ्या, आणि बघता बघता संपणाऱ्या.

मागं उरणाऱ्यांच्या शेवटी ळ येतो. बाडोळ म्हणजे डोंगर, रुवाळ म्हणजे नदी, आणि बोळ, म्हणजे भाषा, तीसुद्धा यातच. बरोबर जगणाऱ्यांच्या शेवटी म: दोरुम म्हणजे राक्षस, वाडुम म्हणजे मोठं झाड. संपणाऱ्यांच्या शेवटी काहीच नाही, शब्द स्वरावर उघडा सुटतो: डुरो म्हणजे पाऊस, मोवा म्हणजे शेळी, बागु म्हणजे माणूस. आपली लेकरं बागुलबुवाला भितात, त्यांची लेकरं बागुला.

'हा' हे दर्शक या तिघांप्रमाणं बदलतं, जसं आपलं हा-ही-हे बदलतं: हाळ बाडोळ, हाम दोरुम, हा बागु. या एका नियमानं माझ्या नाटकाचा शेवट लिहून दिला. त्याबद्दल पुढं.

अनेकवचनाला पहिलं अक्षर दोनदा: बाबाडोळ म्हणजे डोंगर-डोंगर, दोदोरुम म्हणजे राक्षसमंडळी, बाबागु म्हणजे माणसं. आपल्याला घरोघर, मोठमोठं, रानोमाळ यांची सवय आहेच.

सुरुवातीला तीस शब्दांपलीकडं जाऊ नका. शंभर शब्द एका रात्रीत होतात आणि दुसऱ्या दिवशी एकही आठवत नाही.

वाक्याची चाल

नळाला आठ दिवसांनी पाणी सुटलं की गल्लीत कुणी 'पाणी आलं' असं सावकाश सांगत नाही. 'आलं पाणी!' अशी हाळी येते. 'निघाली बस!', 'पडलं पोरगं!' घाईची गोष्ट असली की मराठीतही क्रियापद पुढं उडी मारतं. एरवी आपण ते शेवटी ठेवतो आणि चालून जातं, कारण बोलणं पटकन संपतं. राक्षस सेकंदाला दोन अक्षरं बोलतो. ऐकणारा क्रियापदाची वाट बघत किती वेळ उभा राहील? म्हणून बोळीत क्रियापद पहिलं, मग करणारा, मग ज्याच्यावर केलं जातं तो.

गाड दोरुम बाडोळ. राक्षस डोंगर बघतो.

नकार तर त्याच्याही आधी. हे मला तालमीत कळलं. मराठीच्या चालीवर राक्षस म्हणायला लागला, "मी… तुला… खात…" आणि पुढचं 'नाही' यायच्या आत धनगराच्या मुलीची भूमिका करणारी पोरगी विंगेत पळाली. दिग्दर्शनात नव्हतं ते, ती खरंच दचकली होती. त्या दिवशी नकार पहिल्या जागी नेला: मु बोग दो गो. मु म्हणजे नाही, बोग म्हणजे खाणं, दो मी, गो तू. मी तुला खात नाही. आधी 'मु' ऐकू आला की जिवात जीव.

इथं एक खाचखळगा आहे. आपल्याकडं 'घराला', 'घरातून' असे शब्दाच्या मागं प्रत्यय चिकटतात. क्रियापद शेवटी असलेल्या बहुतेक भाषांत तसंच असतं, शेजारच्या तेलुगू-कन्नडमध्येही. पण क्रियापद पुढं आलं की ही चिकटपट्टी नामाच्या पुढं जाते. जोसेफ ग्रीनबर्गनं १९६३ साली तीस भाषा ताडून हे मांडलं होतं. अरबी, आयरिश, वेल्श बघितल्या तर पटतं. म्हणून बोळीत ला, हून, त हे शब्द नामाआधी: मा म्हणजे ला, दा म्हणजे कडून, वो म्हणजे मध्ये किंवा वर. सामान्यरूपाची भानगड नाही. घोडा-घोड्याला, माणूस-माणसाला या आपल्या मुरडी परक्याला रडवतात. राक्षसाला मी त्या माफ केल्या.

डुम दोरुम वो बाडोळ. राक्षस डोंगरावर बसतो.

काळ: श्वासानं दाखवायचा

ध्वनी निवडताना ख, घ, भ, ढ असे महाप्राण मी मुद्दाम बाहेर ठेवले होते. ते इथं वापरले. झालेली गोष्ट सांगताना राक्षस क्रियापदाच्या पहिल्या अक्षरात श्वास भरतो. गाड म्हणजे बघतो, घाड म्हणजे बघितलं. बोग म्हणजे खातो, भोग म्हणजे खाल्लं. डुमचं ढुम. माळ म्हणजे देणं, त्याचं म्हाळ. रोव म्हणजे येणं, त्याचं ऱ्होव. शब्दाच्या सुरुवातीला म्ह, ऱ्ह, व्ह ही अक्षरं हिंदीवाल्याला अवघड वाटतील, आपल्याला नाही. 'व्हय', 'ऱ्हायलं', 'म्हातारं' म्हणत वाढलेलं तोंड आहे हे.

म्हाळ दोरुम मोवा मा बागु. राक्षसानं माणसाला शेळी दिली.

बघा, मराठीत 'राक्षसानं शेळी दिली' पण 'बोकड दिला'. भूतकाळात क्रियापद करणाऱ्याला सोडून वस्तूच्या मागं जातं. फार सुंदर गोष्ट आहे ती आणि मला ती बोळीत आणायचा मोह झालाही होता. नाही आणली. आपल्या भाषेतलं जे जे आवडतं ते सगळं राक्षसाच्या पदरात टाकलं की तो पुन्हा घरटं होतो.

चालू असलेल्या कामासाठी स्वर ताणायचा. गाड म्हणजे एरवी बघतो, गाऽड म्हणजे आत्ता बघायलाय. 'बघायलाय' असंच लिहिते, कारण हाच आपला मराठवाड्याचा चालू वर्तमान. पुण्याच्या पाहुण्याला यावर प्रश्न पडतो की हा बघायला आलाय की बघायला गेलाय. दोन्ही एकदम हवे असतील तर श्वासही आणि ताणही: घाऽड, बघत होता. भविष्यकाळ मी केलाच नाही. जपानी आणि फिनिश भाषांचं वेगळ्या भविष्यरूपाशिवाय छान चालतं. 'डोव' म्हणजे पुढं, हा शब्द वाक्याच्या शेवटी टाकला की झालं.

आपण आणि आम्ही

'आपण जाऊ' आणि 'आम्ही जातो' यातला फरक लेकरालाही कळतो. हिंदीच्या 'हम'मध्ये तो नाही. आमच्या देगलूरच्या बाजारात तेलुगू कानावर पडतं, तिथं मनमु आणि मेमु असा हाच फरक आहे. परक्या भाषा घडवणारे लोक या गोष्टीला मोठं नवल मानतात, आपल्याकडं ती चहाबरोबर मिळते. वापरा.

दो मी, गो तू, बो तो. दोनदा म्हटलं की अनेकवचन: दोदो आम्ही, गोगो तुम्ही, बोबो ते. आणि मी अधिक तू, म्हणजे दोगो: आपण. 'दोघं'शी त्याचं साम्य आहे हे मला आठवड्यानं कळलं. राहू दिलं.

नाटकात धनगराची मुलगी विचारते, माझी शेळी कुणी खाल्ली? राक्षस 'भोग दोदो मोवा' म्हणाला असता, आम्ही खाल्ली, तर भांडण झालं असतं. तो म्हणतो, "भोग दोगो मोवा." आपण खाल्ली. मुलगी चोरीत भागीदार झाली, आणि तिला ते कळायला दोन सेकंद लागतात. ही जागा प्रत्येक प्रयोगात वाजली.

मोदक शोधा

भाषा तयार झाली असं वाटलं की पाच-दहा वाक्यं भराभर बोलून बघा. दोन अर्थ कुठं गुंततात ते शोधा. मी शोधलं नाही, प्रेक्षकांत बसलेल्या एका पोरीनं शोधलं. 'गाड दो दोरुम' म्हणजे मी राक्षसाला बघतो. 'गाड दोदोरुम' म्हणजे राक्षस बघतात. कानाला एकच! पैठणच्या राजाची गत माझी झाली.

दुरुस्त करायला दोन वाटा होत्या. एक म्हणजे 'मी'साठी दुसरा शब्द. मग दोगो गेला असता. दुसरी म्हणजे दुप्पट केलेल्या पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा. मी तिसरीच वाट धरली: घोळ तसाच ठेवला आणि त्यावर एक प्रसंग लिहिला. पहाऱ्यावरचा राक्षस ओरडतो, मला एक राक्षस दिसतोय, आणि सगळे समजतात आपल्यावर राक्षसांची नजर आहे. अख्खी टोळी डोंगराआड लपते, स्वतःलाच भिऊन. खऱ्या भाषांत असे मोदक असतात. एखादा असू द्या, पण दहा झाले तर दुरुस्ती करा.

गावांची नावं

हे चटकन होतं आणि पोरांना लै आवडतं. आपली नावं राक्षसाच्या तोंडात कशी होतील? ई चा उ, ए चा ओ, नसलेलं व्यंजन जवळच्या व्यंजनात, आणि गाव टिकणारी गोष्ट म्हणून शेवटी ळ. लातूर: ल चा ळ व्हायचा, पण ळ दारात चालत नाही म्हणून र, त चा द, शेवटी ळ. रादुळ. नांदेडचं मादोळ. बीडचं काय होतं ते मी लिहिणार नाही, तिकडं माझे सोयरे आहेत. तेलुगूत बसचं बस्सु होतं, आपल्या आजीच्या तोंडी स्टेशनचं इस्टेशन होतं, ते याच कायद्यानं.

तोंडात बसवा

कागदावरची भाषा खरी मानू नका. रोज तीन वाक्यं मोठ्यानं म्हणा, तीही सावकाश, सेकंदाला दोन अक्षरं. कंटाळा येईल, पण त्या कंटाळ्यातच राक्षसाचा स्वभाव कळतो. सरावाला ही घ्या, उत्तरं लगेच खाली बघू नका:

ऱ्होव बाबागु दा रुवाळ.
मु भोग दोदो मोवा.
गाऽड हा बागु हाम वाडुम.

पहिलं: माणसं नदीकडून आली. दुसरं: आम्ही शेळी खाल्ली नाही. तिसरं: हा माणूस हे झाड बघायलाय. तिसऱ्यात 'हा' आणि 'हाम' का वेगळे ते कळलं असेल तर पुढची वाक्यं तुमची तुम्हीच करा.

पात्रांना भाषा शिकवताना कागद देऊ नका, हाका मारायला लावा. आमच्या पोरांनी आठ दिवसांत बोळ उचलली, मास्तरांना पंधरा लागले. प्रेक्षकांनाही पहिल्या दहा मिनिटांत चार-पाच शब्द आणि तिन्ही शेवट कळतील असे प्रसंग ठेवा. आम्ही डोंगर, झाड आणि पाऊस यांच्याकडं बोट दाखवून एक गाणंच केलं होतं.

कारण शेवटचा प्रसंग त्यावरच उभा आहे. पाऊस संपलाय, दोदोरुम परत निघालेत. शेवटचा राक्षस वळतो. हा तोच पोरगा, घरट्यावाला, आता आठवीत. तो धनगराच्या मुलीकडं बघतो. सगळं नाटकभर त्यानं माणसाला 'हा बागु' म्हटलंय, पावसाच्या आणि शेळीच्या रांगेतलं. आता तो पूर्ण श्वास घेतो आणि सावकाश म्हणतो, "हाम… बागुम."

दुसऱ्या रांगेत एक लेकरू आजीच्या मांडीवर बसलं होतं. ते उठून उभं राहिलं आणि आख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणालं, "आजी, त्यानं 'म' लावला!"